विद्यार्थीप्रियतेचा संशय

मराठी शिक्षणचर्चेत एक मत इतक्या निःशंकपणे मांडले जाते की त्याला पुरावा विचारण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. चांगला शिक्षक आणि विद्यार्थ्यांना आवडणारा शिक्षक हे दोन निराळ्या जातकुळीचे असतात, असे ते मत सांगते. जो शिस्त लावतो, चुका दाखवतो आणि गुण देताना हात आखडता घेतो तो शिकवत असताना अप्रिय ठरतो व त्याचे मोल पुढे कळते, तर जो हसवतो, सवलत देतो आणि परीक्षेपुरतेच सांगतो तो वर्गाचा लाडका होतो व त्याने केलेले नुकसानही पुढेच कळते. निवृत्तीच्या सत्कारसमारंभांत, शिक्षकांच्या खोलीत आणि वाचकांच्या पत्रव्यवहारात हे मत वर्षानुवर्षे उगाळले गेले आहे. त्यातून निघणारा व्यवहारी निष्कर्ष घातक आहे : एखादा शिक्षक विद्यार्थीप्रिय असल्याचे कळले की त्याच्या कामाविषयी आदराऐवजी शंका उत्पन्न होते, आणि मुलांना नकोशा वाटणाऱ्या शिक्षकाला मात्र त्याची अप्रियता हेच कर्तव्यदक्षतेचे प्रमाणपत्र म्हणून उपयोगी पडते.

या मताचे दोन आधार आहेत. एक जुना, छडीच्या परंपरेतून आलेला, जो बहुधा आठवणींच्या रूपाने मांडला जातो; दुसरा अलीकडचा, पाश्चात्त्य विद्यापीठांतील संशोधनावर उभा असलेला. जुन्याचा समाचार घेणे सोपे असल्यामुळे प्रतिवाद करणारे तिथूनच सुरुवात करतात. परंतु पूर्वपक्षाचे, म्हणजे वर सांगितलेल्या मताचे, खरे बळ नव्या आधारात असल्याने आधी तोच तपासणे न्याय्य होय.

या संशोधनाचा विषय आहे विद्यार्थी-अभिप्राय, म्हणजे सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांकडून भरून घेतले जाणारे, शिक्षकाची पूर्वतयारी, स्पष्टता, वागणूक इत्यादींविषयी ठरावीक श्रेणींत उत्तरे मागणारे पत्रक. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे ‘नॅक’ने, २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा अंतर्भाव केल्यापासून महाराष्ट्रातील महाविद्यालयांनाही हा प्रकार चांगलाच परिचयाचा झाला आहे. अशा पत्रकांवर अविश्वास दाखवताना सर्वांत आधी उल्लेख होतो तो ‘डॉ. फॉक्स’ प्रयोगाचा. १९७० साली अमेरिकेत डोनाल्ड नॅफ्टुलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायकेल फॉक्स नावाच्या एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ हे खोटे नाव आणि खोटी पदवी देऊन, गणिती क्रीडासिद्धान्ताचा वैद्यकीय शिक्षणात कसा उपयोग होतो या विषयावर व्याख्यान द्यायला उभे केले. व्याख्यान हेतुपुरस्सर परस्परविरोधी विधानांनी आणि अर्थशून्य शब्दजालाने भरलेले होते. नटाचा आविर्भाव मात्र प्रसन्न, विनोदी आणि आत्मविश्वासपूर्ण होता. श्रोत्यांनी त्याला उत्तम गुण दिले. १९७३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून विद्यार्थीप्रियतेचा विषय निघाला की डॉ. फॉक्स यांना साक्षीला बोलावले जाते.

या साक्षीची उलटतपासणी मात्र क्वचितच होते. त्या व्याख्यानाचे श्रोते मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते असे प्रौढ व्यावसायिक होते. त्यांची आणि वक्त्याची ओळख एका बैठकीपुरती होती. त्यांना वक्त्याकडे गृहपाठ द्यायचा नव्हता, त्याच्याकडून तपासून परत घ्यायचा नव्हता, न कळलेला भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा नव्हता आणि त्याच्या हातून गुण मिळवायचे नव्हते. शाळेतील शिक्षक मुलांसमोर वर्षाला दोनशेहून अधिक दिवस उभा राहतो. एका तासात जो आविर्भाव पचून जातो तो दिवाळीच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही, हे वर्गात बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. नवख्या शिक्षकाचे पाणी जोखण्यात मुलांइतके तरबेज परीक्षक दुसरे नाहीत. पहिल्या भेटीतील प्रभाव फसवा असू शकतो, एवढेच हा प्रयोग सिद्ध करतो, आणि तेवढे मान्य करायला कोणाचीच हरकत नसावी.

दुसरा पुरावा यापेक्षा पुष्कळच भक्कम आहे. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली अमेरिकी हवाई दलाच्या कोलोरॅडो येथील प्रबोधिनीतील दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तिथे विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाही, तुकड्यांची वाटणी यादृच्छिक, म्हणजे निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते आणि सर्व तुकड्यांना परीक्षा एकच असते; त्यामुळे हुशार मुले एकाच प्राध्यापकाकडे गोळा झाली, ही पळवाट उरत नाही. निष्कर्ष असा निघाला की, प्राथमिक कलनगणिताच्या (कलन म्हणजे बदलाचा दर मोजणारी गणितशाखा) ज्या प्राध्यापकांच्या तुकड्यांना चालू परीक्षेत अधिक गुण पडले त्यांना अभिप्रायही चांगले मिळाले, पण त्यांचेच विद्यार्थी पुढच्या, त्या पायावर उभ्या असलेल्या अभ्यासक्रमांत मागे पडले. उलट अनुभवी आणि उच्चविद्याविभूषित प्राध्यापकांचे विद्यार्थी आधी कमी चमकले आणि पुढे सरस ठरले.

पूर्वपक्षाला हा निष्कर्ष आपल्या बाजूचा वाटतो, परंतु तो नीट वाचला तर सर्वाधिक अडचण पूर्वपक्षाचीच होते. त्या विद्यार्थ्यांनी कोणत्या प्राध्यापकाला पसंती दिली? ज्याने चालू परीक्षेचा निकाल चांगला लावला त्याला. मग निकालाच्या आधारे शिक्षकाची लायकी ठरवणारे मुख्याध्यापक, शंभर टक्के निकालाचे फलक लावणाऱ्या संस्था आणि गुणपत्रिका पाहून शिकवणी निवडणारे पालक याहून निराळे काय करतात? हवाई दलाच्या प्रबोधिनीतील मुलांची चूक झाली असेल तर ती प्रौढांनी शिकवलेली चूक होती. विद्यार्थीप्रियतेवर अविश्वास आणि निकालावर संपूर्ण विश्वास, अशी जी जोडी महाराष्ट्रात सर्रास दिसते तिला या अभ्यासाने सुरुंग लावला आहे, कारण तात्पुरता निकाल आणि तात्पुरती पसंती ही एकाच मुळाची फळे असल्याचे त्यातून दिसते. तथाकथित कडक शिक्षक जेव्हा गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घोटून घेतो तेव्हा तो आवडो वा न आवडो, चालू परीक्षेपुरते शिकवणाऱ्यांतच मोडतो.

तिसरा पुरावा संख्याशास्त्रीय आहे. बॉब उट्टल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून, अभिप्रायातील गुण आणि प्रत्यक्ष शिकणे यांत जवळपास काहीही सहसंबंध नाही, असे दाखवले. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर वाढण्या-घटण्याचे प्रमाण. तो शून्याजवळ असणे याचा अर्थ एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. तो ऋण असता, म्हणजे पसंती वाढेल तसे शिकणे घटताना दिसले असते, तर पूर्वपक्ष जिंकला असता. शून्य सहसंबंधातून ‘आवडता शिक्षक संशयास्पद’ हे जितके निघत नाही तितकेच ‘नावडता शिक्षक चांगला’ हेही निघत नाही, आणि पूर्वपक्षाची सारी भिस्त तर या दुसऱ्या वाक्यावर आहे.

अभिप्राय-पत्रकात विद्यार्थ्याची आवड कितपत उतरते, हाही प्रश्न आहेच. इटलीतील बोक्कोनी विद्यापीठात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थंडी-पावसाच्या दिवशी भरलेल्या पत्रकांत प्राध्यापकांना कमी गुण मिळाल्याचे आढळले. (आपल्याकडे हे सर्वेक्षण जुलैत घ्यावे की जानेवारीत, याचा विचार महाविद्यालयांनी अवश्य करावा.) २०१५ साली लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एका छोट्या प्रयोगात ऑनलाइन वर्गाच्या शिक्षकांनी आपली ओळख अदलाबदल करून दिली, तेव्हा विद्यार्थी ज्याला स्त्री समजत होते त्या शिक्षकाला, तो प्रत्यक्षात कोणीही असो, कमी गुण पडले. म्हणजे हवामान, लिंगभेद आणि चालू परीक्षेची चिंता हे सारे ज्यात मिसळले आहे असे एक मोजमाप सदोष ठरले. त्यावरून ज्या गोष्टीचे ते मोजमाप असल्याचा दावा होता ती गोष्टच निरर्थक ठरवणे हा तर्कदोष आहे.

आवडण्याचा अर्थही पूर्वपक्षाने फारच उथळ धरला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांचे विद्यार्थी होते. ड्युई यांच्या वक्तृत्वाविषयी त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवलेले वर्णन मुळीच आकर्षक नाही : आवाज संथ, बोलण्यात लांब विराम, नजर बहुधा खिडकीबाहेर, विनोदाचे नाव नाही. समाधान सर्वेक्षणात ते कितपत तरले असते याची शंकाच आहे. काही विद्यार्थ्यांना मात्र थोड्या काळाने उमगले की समोरचा मनुष्य तयार विचार वाचून दाखवत नसून आपल्यादेखत विचार करतो आहे, आणि एकदा ते उमगल्यावर तो संथपणाच त्यांना मोलाचा वाटू लागला. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ड्युई यांचा आपले शिक्षक म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्कला निघाले तेव्हा ड्युई यांची भेट होईल अशी त्यांना आशा होती. १ जूनला ड्युई वारले, आणि त्या बातमीने झालेले दुःख तसेच आपल्या बौद्धिक जीवनावरील त्यांचे ऋण आंबेडकरांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात नोंदवले. छत्तीस वर्षे टिकलेल्या या आत्मीयतेत सवलत कुठे होती आणि मनोरंजन कुठे होते, हे पूर्वपक्षाने दाखवून द्यावे.

मग विद्यार्थ्याला नेमके काय आवडते? अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८० च्या दशकात एक संकल्पना मांडली, तिला मराठीत अध्यापनगत विषयज्ञान म्हणता येईल : विषय स्वतःला येणे निराळे आणि तो दुसऱ्याला कुठे अडतो, का अडतो, कोणत्या उदाहरणाने सुटतो हे कळणे निराळे, व शिक्षकाचे खास ज्ञान या दुसऱ्या प्रकारचे असते. दुसरीतल्या मुलाने ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिले तर विषय येणारा कोणीही ‘चूक’ म्हणेल. मराठी संख्यानामांत एककाचा उच्चार आधी आणि दशकाचा नंतर होतो, लिहिताना मात्र दशक आधी येतो, म्हणून मुलाने जे ऐकले तेच क्रमाने लिहिले आहे, हे ज्याला दिसते तो शिक्षक. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असे वाचनही आले तेव्हा मोठा गदारोळ झाला, विधिमंडळापर्यंत विषय गेला आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्यावर भाषा बिघडवल्याचा आरोप झाला. तो बदल योग्य होता की नाही यावर मतभेद संभवतात. परंतु मूल कुठे अडते या प्रश्नापासून त्याची सुरुवात झाली होती, आणि टीकाकारांतील बहुतेकांना तो प्रश्नच पडलेला नव्हता. ज्या मुलाची चूक अशी समजून घेतली जाते त्याला आपण मठ्ठ नाही एवढे कळते. ‘सरांचे समजते’ किंवा ‘बाईंना विचारता येते’ ही मुलांची साधी वाक्ये याच अनुभवाची असतात, आणि तो अनुभव सवलतीने विकत मिळत नाही.

शिक्षकाच्या कामाचा काही भाग असा आहे की त्याविषयी विद्यार्थ्याचे मत ग्राह्य धरता येत नाही : सांगितलेले गणित बरोबर होते की नाही, इतिहासाची मांडणी अद्ययावत होती की जुनाट, हे ठरवण्याची पात्रता शिकणाऱ्याकडे नसते, आणि ते सहकाऱ्यांनी वा तज्ज्ञांनीच पाहावे. पण प्रश्न विचारला तर अपमान होतो का, गुण देताना आडनाव पाहिले जाते का, वही खरोखर वाचली जाते की नुसती लाल सही होते, मागच्या बाकावरच्यांचे अस्तित्व कोणाच्या ध्यानात आहे का, या बाबींचा विद्यार्थी हा एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार असतो. निरीक्षणाला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यासमोर कोणताही शिक्षक पोराला ‘गाढवा’ म्हणत नाही. साक्षीदाराला न्यायाधीश करणे चूक, हे मान्य. परंतु त्याची साक्षच काढून टाकणे याने आरोपीशिवाय कोणाचाही फायदा होत नाही.

आता जुन्या आधाराकडे वळता येईल. ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ असे जे सांगतात ते सारे घडलेले असतात, हीच त्या विधानातील खोट आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात अभियंता, वकील, तहसीलदार झालेले लोक व्यासपीठावरून जुन्या गुरुजींच्या छडीचे गोडवे गातात. त्याच छडीला भिऊन चौथीत शाळा सोडून गुरांमागे गेलेल्या वर्गबंधूला त्या मेळाव्याचे निमंत्रण जात नाही. जे टिकले त्यांच्यावरूनच अनुमान काढण्याच्या या दोषाला संख्याशास्त्रात उत्तरजीवी पक्षपात म्हणतात, आणि शिक्षणाविषयीच्या मराठी आठवणींइतके त्याचे विपुल पीक दुसरीकडे क्वचितच आले असेल. शिवाय वयाच्या साठीत वाटणारा आदर हा दहाव्या वर्षी वाटलेल्या भीतीचा अर्थ लावण्याचा एक मार्ग असतो. ज्या वेदनेचा काही उपयोग झाला नाही ती तशीच मान्य करणे कोणालाही जड जाते.

गळालेल्यांची बाजू मांडणारा पुरावा महाराष्ट्रात फार जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षक कसा असावा याचा स्पष्ट विचार आहे. त्या काळचे बहुतेक शिक्षक ब्राह्मण असून सोवळ्याच्या कल्पनांमुळे ते मुलांपासून अलिप्त राहतात, असे सांगून शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील व त्यांच्या गरजा आणि इच्छा समजू शकतील, आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला त्यांना लाज वाटणार नाही, अशी मागणी फुले यांनी केली. हे शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना किमान १२ रुपये, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये वेतन मिळावे, हेही त्याच निवेदनात आहे. म्हणजे प्रशिक्षण, वेतन आणि मुलांशी जवळीक या तिन्ही गोष्टी फुल्यांनी एकाच सपाट्यात मागितल्या. जवळीक ही गुणवत्तेची वैरीण आहे असे त्यांना वाटले नाही, कारण शिक्षकाच्या दुराव्याचा परिणाम त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. २०११ साली डेबोरा रूर्दा आणि सहकाऱ्यांनी ९९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून काढलेला निष्कर्ष या दृष्टीशी जुळतो : शिक्षक-विद्यार्थी नात्यातील आपुलकीचा मुलांच्या अभ्यासातील सहभागाशी चांगला आणि संपादणुकीशी लहान ते मध्यम असला तरी निश्चित संबंध आढळतो, आणि गरीब घरांतल्या व मागे पडण्याचा धोका असलेल्या मुलांच्या बाबतीत तो अधिक ठळक असतो. ज्याच्या घरी आईवडील अभ्यास घेतात त्याचे नावडत्या शिक्षकामुळे फारसे अडत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी घातली, तिची खरी गरज आहे ती ज्यांना घरी असा आधार नाही अशा मुलांना. तरी ‘हात बांधले’ अशी तक्रार शिक्षकांकडून अजूनही ऐकू येते.

सैलपणाचा आरोप मात्र पूर्णपणे झटकता येत नाही. गुणांची खिरापत वाटून, परीक्षेचे प्रश्न सुचवून किंवा वर्गात राजकीय विनोद करून टाळ्या मिळवणारे शिक्षक आहेत, आणि खासगी शिकवण्यांच्या फलकांवर नटासारखे झळकणाऱ्या चेहऱ्यांची लोकप्रियता हा तर जाहिरातीचाच विषय आहे. पण खिरापतीचे खापर विद्यार्थीप्रिय शिक्षकांवर फोडण्यापूर्वी राज्य मंडळाचे दहावीचे निकाल पाहावेत. २०१८ साली निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांतले शाळेच्या हातातले २० अंतर्गत गुण काढून घेतले गेले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत मिळाले, करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. राज्यभराच्या निकालात एवढे चढउतार घडवणे मूठभर लाडक्या शिक्षकांना शक्य नाही. अंतर्गत गुण कडक, सौम्य, प्रिय, अप्रिय अशा सर्वांनीच सढळ हाताने दिले, कारण तशी अपेक्षा व्यवस्थेची होती.

विद्यार्थीप्रिय शिक्षकाची जी प्रतिमा मराठी मनात रुजली आहे तिच्याकडेही थोडा दोष जातो. साने गुरुजींचे नाव निघाले की डोळ्यांत पाणी आणण्याची प्रथा आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी सांभाळत होते. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हस्तलिखित स्वरूपात काढत. मायेची चर्चा इतकी होते की रोजच्या रोज मुलांसाठी वाचायला काही नवे लिहून तयार ठेवण्याचे ते काम किती परिश्रमाचे असेल, याचा विचार मागे पडतो, आणि मग आपुलकी म्हणजे केवळ हळवेपणा असा समज करून घेऊन तिची हेटाळणी करणे पूर्वपक्षाला सोपे जाते.

आपुलकीला काळही लागतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळवून, दोन-तीन महाविद्यालयांत धावणाऱ्या प्राध्यापकाला विद्यार्थ्यांची नावे पाठ होण्याआधी सत्र संपते. कोणत्याही अभिप्राय-पत्रकात याचा रकाना नसतो.

तेव्हा संस्थाचालकांनी आणि मुख्याध्यापकांनी एवढे करावे : एखादा शिक्षक मुलांना आवडतो हे कळल्यावर तो सैल आहे असे गृहीत न धरता कशासाठी आवडतो ते मुलांना विचारावे, आणि नावडतो हे कळल्यावर तो कडक असेल अशी मनाची समजूत न घालता तोच प्रश्न तिथेही विचारावा. अभिप्राय सत्राच्या शेवटच्या आठवड्यात श्रेणींच्या रकान्यांत न घेता वर्षा-दोन वर्षांनी, पुढच्या इयत्तेतील अनुभव गाठीशी आल्यावर, मुलांच्या स्वतःच्या शब्दांत घ्यावा. तो आधी शिक्षकाला वाचायला द्यावा आणि बढतीशी जोडू नये. शाळा सोडून गेलेल्या मुलांनाही तो विचारावा, कारण आज चालू असलेली सर्वेक्षणे फक्त पटावर असलेल्यांचीच मते घेतात.